तक्त्यावर कोल्हा नव्हता

कुंदा, त्या दिवशी सकाळी तुझा भाऊ माझ्या दारात येऊन नुसताच उभा राहिला, तेव्हाच मी समजले. त्याने तोंड उघडायच्या आधी माझ्या मनात पहिलं आलं ते दुःख नव्हतं. सुटले, असं आलं. तू सुटलीस, असं गावात सगळेच म्हणतात, आणि शेवटचे तीन महिने तू जे भोगलंस ते बघता त्यात चूक काही नाही. पण माझ्या मनात आलं ते, मी सुटले. मग रडले, पदर तोंडात कोंबून रडले, पण ते त्याच्यानंतर. क्रम खोटा सांगत नाही.

आज अकरावा दिवस. मुख्याध्यापकांचा निरोप आला की शाळेच्या स्मरणिकेसाठी कुंदाबाईंवर दोन पानं लिहून द्या, तुमच्याइतकं त्यांना ओळखणारं दुसरं कोण आहे. दिली लिहून. तुझं मोत्यासारखं अक्षर, तुझा वक्तशीरपणा, मुलांना कविता पाठ करून घेताना टेबलावर बोटांनी धरलेला ताल, सगळं आहे त्यात. वाचून तू नाक मुरडलं असतंस आणि म्हणाली असतीस, "बापरे, ही कोण गो सती सावित्री?" ती पानं गेली. हे त्यातलं नाही, हे तुझ्यासाठी.

आपण भांडलो तरी किती! गोवा राज्य झालं त्याच्या आगेमागे तर पार्श्याच्या आपल्या शाळेतल्या त्या शिक्षकांच्या खोलीत राजभाषेवरून रोज रणकंदन. भिंतीकडची बसायची कदेलं मराठीवाल्यांची, खिडकीकडची कोंकणीवाल्यांची, आणि तू मराठीची शिक्षिका असून खिडकीकडे. मी तुला म्हणायची, ज्या ताटात जेवतेस त्यातच थुंकतेस. तू एकदा सगळ्यांसमोर हात जोडून म्हणालीस, "आणि तू गो? मराठी, मराठी म्हणून बोंब मारतंस. आणि बोंब मारतंस ती कोंकणीत!" खोली हसून हसून लोळली. मीही हसले. त्या भांडणाला आवाज होता, म्हणून त्याने कधी कोणाचं काही बिघडवलं नाही. चहा आला की ते थांबायचं. आपलं दुसरं भांडण मात्र आठ वर्षं चाललं आणि त्यात आपण मोजून पाच-सहा वाक्यं बोललो असू.

त्याची सुरुवात झाली एका तक्त्यावरून. विज्ञान प्रदर्शनाला विषय होता, नष्ट होत चाललेले जीव. मुलांनी वाघ आणि हत्ती काढायला घेतले होते. मी नाकाने कांदे सोलणारी, मला काहीतरी वेगळं हवं होतं. माझ्या दिराने कुठूनतरी आणलेल्या जुन्या परदेशी मासिकात क्वोकाचं चित्र होतं. ऑस्ट्रेलियाकडचा, मांजराएवढा, कांगारूच्या जातीतला प्राणी. पोटाला पिशवी, पिशवीत पिल्लू, आणि तोंडाची ठेवण अशी की सदा हसतोय असं वाटावं. बाहेरून आणलेल्या कोल्ह्यांनी आणि मांजरांनी त्यांचा फडशा पाडला, आणि जिथे कोल्हा पोचला नाही अशा बेटांवर तेवढे ते टिकले. त्याच्या शेजारी मी आपला धनेश घेतला, ज्याला आपल्याकडचे लोक माडगरुड म्हणतात. काजूच्या डोंगरामागे जुना बेहडा होता, त्याच्या ढोलीत दर वर्षी एक जोडी यायची. लहानपणी आपण दोघी करवंदं काढायला जायचो तेव्हा त्याच्या पंखांचा आवाज ऐकून तू कानांवर हात ठेवायचीस. जुनी मोठी झाडं गेली, तसा तोही दिसेनासा होत चालला होता.

एक जमिनीवरचा, एक आभाळातला, दोघेही संपत आलेले. खाणं, घर, शत्रू, संख्या, काय वाटेल त्याची तुलना करता आली असती. विज्ञानाच्या बाईने तीच करायला हवी होती. मी आयांची केली. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी ढोलीत शिरते आणि आतून चिखल-विष्ठेने तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट. पंखातली पिसंसुद्धा झाडून टाकते. महिनोन्महिने नर बाहेरून फळं आणून फटीतून भरवतो. तिच्या चित्राखाली मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'पिल्लासाठी स्वतःला कोंडून घेणारी आई'. आणि क्वोकाच्या मादीखाली लिहिलं, 'पाठीवर शत्रू आला की ही पिशवी सैल सोडते. पिल्लू खाली पडते, शत्रू तिथे थांबतो, आई निसटते.' वर मथळा दिला, 'पिल्लाला टाकून जाणारी आई'.

लिहिताना मला तुझी आठवण झाली नाही असं म्हणण्याइतकी मी अजून निर्लज्ज झाले नाही. डिचोलीतल्या सासरहून तू निघून आलीस आणि तीन-साडेतीन वर्षांची वैजू मागे राहिली, हे साऱ्या पार्श्याला ठाऊक होतं. सहा वर्षांनी तिकडची आजी वारल्यावर तुझ्या भावाने भाचीला इकडे आणलं, हेही. वैजू तेव्हा माझ्याच वर्गात होती. तुला शाळेत 'बाई' म्हणायची आणि घरी हाकच मारायची नाही. माझ्याकडे मात्र येऊन बसायची, माझ्या हातची सोलकढी प्यायची, मला 'मावशी' म्हणायची. तू ते बघत होतीस आणि मला ते आवडत होतं. खरं सांगते, फार आवडत होतं. मी नवऱ्याच्या, सासूच्या, मुलांच्या चार भिंतींत स्वतःला लिंपून घेतलेलं, आणि तू मोकळी. निदान एवढं तरी माझ्या वाटणीला यावं, असं वाटायचं.

तक्ता समजावून सांगायला मुख्याध्यापकांनी वैजूला निवडलं, कारण तिचा आवाज खणखणीत. मी 'दुसरी मुलगी घ्या' म्हणाले असते तर त्यांनी घेतली असती. मी म्हणाले नाही.

पाहुणे आले. वैजू हातात पट्टी घेऊन उभी, दोन वेण्या, नवी रिबन. दारात तू, कोकम सरबताचा ट्रे घेऊन. तिने धनेश सांगितला, मग क्वोका. 'पिल्लाला टाकून जाणारी आई' हे शब्द तिने जराही न अडखळता, अगदी शेवटच्या रांगेला ऐकू जातील असे वाचले. पाहुण्यांतले एक गृहस्थ कौतुकाने वाकून म्हणाले, "मग बाळ, ह्या दोघींत चांगली आई कुठची?" वैजूने पट्टी उचलली आणि धनेशावर ठेवली. "ही." टाळ्या पडल्या. तू ट्रे खाली ठेवलास, कोणाला काही कळलं नाही, आणि प्रत्येकाला सरबत दिलंस. वैजूलाही दिलंस. तिने घेतलं नाही.

संध्याकाळी मुलं पताका काढत होती तेव्हा तू तक्त्यासमोर येऊन उभी राहिलीस. मला वाटलं, आता ही फाडणार. तू चष्मा पुसून शांतपणे सगळं वाचलंस.

"कोल्हो खंय गो?"

"कसला कोल्हा?"

"ती पळता ती कोणाक भियेवन? तुझ्या चित्रांत ती आसा, पिल्लू आसा, झाडां आसत. कोल्हो खंय?"

मी म्हणाले, जागा उरली नाही.

तू धनेशाकडे वळलीस. "आणि ही तुझी भिंतीतली. बाहेरचो नर मेलो, तर?"

"तर ती मरते. पिल्लासकट."

"ता बरवंक नाय तू," ते मी लिहिलं नाही, एवढंच तू म्हणालीस आणि पिशवी घेऊन घरी गेलीस.

तुझ्या जागी मी असते तर तिथेच, मुलांदेखत, सगळं ओकले असते. कारण कोल्हा कोण, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं. एक तुझा नवरा, खाणीवरचा मुकादम, जो तुझ्या कानातली कुडी ओढून काढायचा. दुसरी मी.

नार्व्यातली ती दुपार आता लिहितेच. तेव्हा माझं सासर नार्व्यात, आणि डिचोलीहून पळून यायला तुला जवळचं असं माझंच घर. सासूबाई सप्तकोटेश्वराच्या देवळात गेल्या होत्या. मी मागच्या मळ्यात अळसांद्याच्या शेंगा काढत होते. तू मागच्या बाजूनेच आलीस, कडेवर वैजू. तुझ्या डाव्या कानाची पाळी फाटलेली, रक्त वाळून मानेला चिकटलेलं, आणि वैजूच्या हातात अर्धा पाव, तो ती शांतपणे खात होती.

"दोन दीस माका रावंक दी. मागीर हांव पार्श्यां वतंय."

मी तुला आत घेतलं नाही. शेंगांची टोपली हातात धरून तिथेच उभी राहिले आणि तुला शहाणपण शिकवलं. सासूबाई येतील. तुझ्या भावाचं नुकतं लग्न झालंय. "ह्या चेडवाक घेवन तुका थंय कोण घरांत घेतलो? एकटी वच. पाय टेकलो, की व्हर तिका. तोसर आजी बघता. बापायचां घर आसा तां." एकटी जा, पोरीला मागाहून ने, हे तू ऐकत नव्हतीस. वैजूला घट्ट धरून नुसती मान हलवत होतीस. तेवढ्यात वाटेवर सासूबाईंच्या वहाणांचा आवाज आला. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. मी हात पुढे केला आणि तुझ्या कडेवरून वैजूला घेतलं. ओढून घेतलं की तू दिलंस, हे आजपर्यंत मला नक्की सांगता येत नाही. तू मात्र एकदाच म्हणालीस, हांवें दिलां.

तू मळ्यातून खालच्या वाटेने गेलीस. मी सासूबाईंना थाप मारली आणि वैजूला घेऊन डिचोलीची बस धरली. वाटेत ती माझ्या खांद्यावर झोपली. तुझ्या सासरी दारात म्हातारी उभी होती. आजूबाजूच्या बायकाही जमल्या होत्या. मला भीती वाटली, उद्या म्हणतील हिनेच सुनेला पळायला मदत केली. म्हणून मी म्हटलं, "आई टाकून गेली हिला. मला वाटेत दिसली, आणून पोचवते."

टाकून गेली. कुंदा, हे शब्द पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाले, ते हे असं. पुढे ते तुझ्या नवऱ्याने उचलले, तिथून डिचोलीने, तिथून पार्श्याने. नवऱ्याने त्यातून वाटेत सापडल्याचं गाळलं आणि आपली भर घातली, की बया पोरीला खाटेवर निजवून गेली, मागे वळून बघितलंही नाही. आणि आठ वर्षांनी मी तेच शब्द माझ्या सुवाच्य अक्षरात तक्त्यावर काढले आणि तुझ्या मुलीच्या हातात पट्टी दिली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तू गप्प राहिलीस. आधी का, ते समजू शकते. कळलं असतं तर सासूने मला उभं सोलून काढलं असतं. पण नंतर? माझे यजमान बदली होऊन पेडण्याच्या कचेरीत आले, मी तुझ्याच शाळेत लागले, तुझ्या शेजारच्या कदेलावर बसले. सासूबाई वारल्या. तेव्हा तरी बोलायचंस. मला तुझ्या त्या मोठेपणाचा राग येतो. तू एकदा शिवी दिली असतीस तर मी परतून दिली असती, आणि कधीतरी ते निवलं असतं. तू मला रोज डब्यातली अर्धी भाकरी दिलीस.

आणि यजमान गेले तेव्हा? बाहेरचा नर मेला तेव्हा? मी खोलीत पडून होते, दार लोटून. मुलगे येऊन दारातूनच जेवणाचं विचारायचे. तू सकाळी आलीस, पोदेराकडचे गरम पाव फडक्यात बांधून, आणि आत येऊन आधी खिडकीचं जनेल उघडलंस. "ऊठ. न्हा. वर्ग तुझी वाट बघतत." वीस दिवस रोज आलीस. एकविसाव्या दिवशी माझी वेणी घालून मला शाळेत नेलंस, एखाद्या पहिलीतल्या पोरीसारखं हाताला धरून. रस्त्यात लोक बघत होते. त्या वाटेवर तू मला तो तक्ता आठवण करून देशील म्हणून मी अंग चोरून चालत होते. तू काय बोललीस आठवतं? म्हणालीस, सहावीच्या पोरांनी बेडूक मारून तुझ्या टेबलाच्या खणात ठेवलाय, नाकाला पदर लाव. ते उपकार मी कशानेच फेडू शकत नाही, आणि म्हणूनच की काय, मी ते फेडायचा प्रयत्नही केला नाही.

शेवटच्या आठवड्यात तू मला बोलावलंस. पोटातल्या गाठीने तुझं कातडं हाडांना चिकटवलं होतं. मी पेज भरवत होते, दुसऱ्या चमच्यानंतर तू मान फिरवलीस.

"वैजूक सांग. नार्व्याचां."

मी चमचा वाटीत ठेवला. म्हटलं, तूच का सांगत नाहीस.

"हांवें सांगलां तर सबब दिसतली. आवय आपली बाजू राखता म्हणतली. तू सांगलंय तर तिका खरां दिसतलां." आणि मग, डोळे मिटूनच, "हांव गेल्यार सांग. तुका कठीण जावंचा नाय."

मरतानाही तू माझी सोय बघितलीस. मी तुझ्या कपाळावर हात ठेवून 'सांगते' म्हटलं.

तुझ्या पाचव्या दिवशी तो आला, तुझा नवरा. पांढरे कपडे, केस पिकलेले, भाषा मऊ. ओसरीवर बसून डोळे पुसले. वैजूला म्हणाला, "घर मोकळां आसा. तुझां हक्काचां. मामाकडे कित्याक रावतंस?" एकोणीस वर्षांची मुलगी, नुकती आई गेलेली, आणि आयुष्यभर एकच गोष्ट ऐकलेली की ह्या माणसाने तिला ठेवून घेतलं आणि तू टाकलंस. तुझा भाऊ तिथेच बसला होता. त्यालाही खरं कुठे ठाऊक आहे? तुझी फाटकी पाळी तेवढी त्याने बघितली होती, आणि ती बाईने झाकून ठेवायची गोष्ट म्हणून झाकून ठेवली. तो म्हणाला, पोरीची मर्जी. वैजूने कपडे भरायला घेतले. तिच्या आजीला त्या घरात काय काय सोसावं लागलं, ते तू मला सांगितलंयस. ह्या माणसाचा हात वय झालं म्हणून थांबला असेल, यावर माझा विश्वास नाही. सगळं मला दिसत होतं. माझ्या एका वाक्याने ती बॅग रिकामी झाली असती.

आठव्या दिवशी गेले, वाक्य जुळवून. तिथे बायका होत्या, परत आले. नवव्या दिवशी पाऊल निघालं नाही.

काल सकाळी वैजूच माझ्याकडे आली. डिचोलीला निघाले, मावशी, म्हणाली. मी तिच्याबरोबर तिठ्यापर्यंत चालत गेले. बस यायला वेळ होता. ती खाली बघत पायाने माती सारखी करत होती. मग तिने विचारलं. मी काही न सांगता तिनेच विचारलं, कुंदा, याहून सोपं तू तरी काय करून ठेवणार होतीस?

"मावशी, एक विचारू? बाबा म्हणतत, आई माका खाटेर निजोवन एकटी गेली. पण माका मदींच दिसता, हांव कोणाच्या तरी खांद्यार आसंय, आणि बस आसा. तू तेन्ना नार्व्यांत आशिल्लंय. आई माका घेवन तुझ्याकडे इल्ली काय गो? खरां सांग. तसां आसलां तर हांव खंयच वचंचंय नाय, हंयच रावतंलंय."

ती माझ्याकडे बघत होती. तुझेच डोळे, फक्त तिला माझ्यावर विश्वास होता. त्या डोळ्यांत मी मावशी होते, जिने तिला सोलकढी दिली, अपूर्णांक शिकवले, जी कधी कुठे गेली नाही. आयुष्यात मला एवढं एकच कोणीतरी आपणहून दिलेलं होतं. हो म्हटलं असतं तर ती तुझी झाली असती. मेलेल्या तुझी. आणि माझ्याकडे तिने पुन्हा ढुंकूनही बघितलं नसतं.

मी म्हटलं, "नाय गो बाय. माझ्याकडे कोण येवंक नाय."

तिने मान हलवली. "मग ता सपान आसतलां," म्हणाली. माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, त्याच हाताने तुला वचन दिलं होतं.

बस आली. बॅग जड होती, तिला एकटीला पायरीवर चढवता येईना. मी खालून हात लावला.